कापूस बंद झाला, म्हणजे नेमकं काय झालं? विल्मिंग्टन बंदराची चार वर्षं

मुंबईचा इतिहास वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईला सोन्याचे दिवस आले. पुढे कापूस आणि शेअरांचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद येतात, समुद्र हटवून जमीन काढायला निघालेल्या बॅकबे कंपनीचे शेअर येतात, १ जुलै १८६५ ची बाजाराची ती पडझड येते. ‘कापूस बंद झाला’ हे तीन शब्द मात्र आपण भरकन ओलांडून जातो. तिथल्या शेतातला कापूस काही जळून गेला नव्हता. बोंडं फुटत होती, गुलाम माणसं वेचणी करत होती, गासड्या बांधल्या जात होत्या. मग बंद काय झालं? कुणी केलं, कसं केलं, आणि ज्या बंदरांत हा कापूस अडकला तिथल्या लोकांवर काय गुदरलं?

हे समजून घ्यायला विल्मिंग्टनसारखं दुसरं गाव नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं हे नदीकाठचं बंदर. युद्धाच्या गोष्टींत चार्ल्सटन आणि न्यू ऑर्लिन्स यांची नावं मोठी, विल्मिंग्टनचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. १८६० मध्ये इथली लोकवस्ती ९,५५२ होती आणि तरीही राज्यातलं सर्वांत मोठं शहर हेच. त्यातली साधारण पाचांतली दोन माणसं गुलाम होती. युद्धाच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत दक्षिणेच्या फौजा बऱ्याच अंशी ह्या एका बंदरावर तगून होत्या.

गुलामगिरीवर उभ्या असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी (शेवटी ती ११ झाली) संघराज्यातून फुटून स्वतःचं ‘कॉन्फेडरेट’ सरकार काढलं. एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्सटनच्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि लढाई जुंपली. १९ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. २७ तारखेला तीत व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाही ओढले गेले. गंमत म्हणजे नॉर्थ कॅरोलायना तेव्हा फुटलंही नव्हतं, ते फुटलं २० मे रोजी.

नाकेबंदी म्हणजे शत्रूच्या बंदरासमोर लढाऊ जहाजं उभी करून येणारी-जाणारी प्रत्येक बोट अडवायची. ऐकायला सोपं आहे. पण किनारा होता सुमारे ३,५०० मैलांचा, आणि उत्तरेच्या आरमाराकडे सुरुवातीला कामावर असलेली जहाजं पन्नासही नव्हती. त्यात १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने एक अट घातली होती: नुसती कागदावरची नाकेबंदी तटस्थ देशांवर बंधनकारक नाही, ती प्रत्यक्षात अमलात आणायची ताकद समुद्रावर दिसली पाहिजे. म्हणून लिंकन यांचं सरकार मिळेल ती बोट विकत घेऊन तिच्यावर तोफा चढवू लागलं. युद्ध संपेपर्यंत जहाजांची संख्या सहाशेच्या वर गेली.

सुरुवातीला कापूस अडवला तो मात्र दक्षिणेनेच. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून जास्त अमेरिकेतून जायचा. दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा हिशेब असा, की कापूस रोखून धरला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील, मजूर रस्त्यावर येतील आणि ब्रिटन झक मारत आपल्या बाजूने उतरेल. सरकारी कायदा झाला नव्हता. मळेवाले आणि व्यापारीच आपण होऊन माल दाबून बसले. गिरण्या बंद पडल्या, मजुरांची उपासमारही झाली, पण ब्रिटन काही उतरलं नाही. त्याच्याकडे आधीचा साठा होता, आणि मुंबई होती. सुरती म्हणून ओळखला जाणारा आखूड धाग्याचा आपला कापूस गिरणीवाल्यांना एरवी नकोसा वाटायचा, तोच आता हातोहात जाऊ लागला. दक्षिणेला चूक कळेपर्यंत बंदरांसमोर जहाजांची रांग लागली होती. ज्या काळात कापूस निवांत बाहेर काढता आला असता तो काळ त्यांनी हट्टापायी घालवला.

मग एकेक बंदर पडत गेलं. न्यू ऑर्लिन्स एप्रिल १८६२ मध्ये, नॉरफोक मे महिन्यात. सव्हानाचं तोंड फोर्ट पुलास्की पडल्यावर बंद झालं. चार्ल्सटन १८६३ च्या उन्हाळ्यापासून वेढ्यात सापडलं. उरलं विल्मिंग्टन, आणि ते का उरलं याचं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे.

दोन तोंडांची नदी

ज्यांनी दाभोळ किंवा जयगडची खाडी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. खाडीचं मुख रुंद दिसतं, पण होडी जाते ती ठरलेल्या एका वाटेने. बाकी सगळी वाळू, आणि ती वाट गावच्या तांडेलालाच ठाऊक. केप फिअर नदीचं तसंच आहे. विल्मिंग्टन समुद्रापासून सुमारे ४५ किलोमीटर आत, त्यामुळे समुद्रावरच्या तोफांच्या माऱ्यापासून सुरक्षित. नदीला त्या वेळी दोन मुखं होती. एक जुनं, आणि दुसरं १७६१ च्या वादळात वाळूची दांडी फुटून तयार झालेलं, ज्याला न्यू इनलेट म्हणत. दोन्हींच्या मध्ये एक बेट, आणि बेटाच्या टोकापासून समुद्रात पंचवीसेक मैल आत गेलेला उथळ वाळूचा पट्टा. त्याचं नाव फ्राइंग पॅन शोल्स. दोन मुखांमधलं सरळ अंतर जेमतेम सहा मैल, पण वाळूला वळसा घालून समुद्रमार्गे एकापासून दुसऱ्याकडे जायचं तर चाळीस मैल. म्हणजे पहारा ठेवणाऱ्या उत्तरेला एका बंदरासाठी दोन आरमारं लागायची, आणि एकाला दुसऱ्याच्या मदतीला वेळेवर पोचता यायचं नाही.

ह्यात भर रेल्वेची. विल्मिंग्टनहून वेल्डनला जाणारा १६१ मैलांचा लोहमार्ग १८४० मध्ये पुरा झाला तेव्हा तो जगातला सर्वांत लांब लोहमार्ग होता. तिथून पुढे पीटर्सबर्ग आणि दक्षिणेची राजधानी रिचमंड. रात्री धक्क्याला लागलेला माल काही दिवसांत दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांच्या फौजेला मिळायचा.

युरोपातून मोठी जहाजं माल घेऊन थेट इथे येत नसत. ती बहामातल्या नासाऊला किंवा बर्म्युडाला यायची. दोन्ही ब्रिटिश मुलूख, म्हणजे तटस्थ. तिथे माल छोट्या, चपळ वाफबोटींवर चढायचा आणि शेवटचा तीन दिवसांचा जीवघेणा टप्पा ह्या बोटी करायच्या. त्या बुटक्या, अरुंद आणि लांबट. रंग फिकट राखाडी, धुक्यात मिसळून जाणारा. धुराडी दुर्बिणीसारखी मिटवून खाली घेता येणारी. वाफ सोडायची तीही पाण्याखाली, म्हणजे फुसफुस ऐकू येऊ नये. बोट निघायची तीही अंधाऱ्या रात्री मुखाशी पोचेल असा हिशेब करून. शेवटच्या काही मैलांत डेकवर एकही दिवा नाही, विडी पेटवायची नाही, होकायंत्रावरही झाकण. एक माणूस पुढे उभा राहून शिशाची दोरी पाण्यात सोडून खोली मोजणार आणि बोटीला वाट दाखवणाऱ्या पायलटच्या कानात सांगणार. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, तळाशी वाळू आहे की चिखल, एवढ्यावर वाट काढायची. आणि एकदा का बोट फोर्ट फिशर किल्ल्याच्या तोफांच्या आसऱ्याला आली की पाठलाग करणारं जहाज मागे फिरायचं.

कोळशाची गोष्ट मला ह्या सगळ्यात फार बोलकी वाटते. बिनधुराचा कडक कोळसा म्हणजे ह्या बोटींचा प्राण, कारण दिवसाउजेडी धुराची रेघ कितीतरी मैलांवरून दिसते. नॉर्थ कॅरोलायना राज्य सरकारची स्वतःची एक बोट होती, ‘अ‍ॅडव्हान्स’. राज्याच्या सैनिकांसाठी कापड, बूट, घोंगड्या आणि गावोगावच्या बायकांना घरी कापूस-लोकर पिंजता यावी म्हणून हातफण्या ती आणत असे. सप्टेंबर १८६४ मध्ये निघायच्या वेळी तिचा चांगला कोळसा कॉन्फेडरेट आरमाराने आपल्या लढाऊ बोटीसाठी उचलला आणि तिला हलका, धूर ओकणारा गावठी कोळसा घेऊन निघावं लागलं. ती लगेच पकडली गेली. गव्हर्नर व्हान्स यांनी ह्यावर मोठा संताप केला, आणि तो रास्तच होता.

पकडली गेलेली बोट विकून जे पैसे येत त्यातला वाटा पकडणाऱ्या जहाजाच्या खलाशांना मिळे. त्यामुळे उत्तरेच्या खलाशांनाही बोट बुडवण्यापेक्षा धरण्यात रस. पकडलेले ब्रिटिश नाविक तटस्थ देशाचे, म्हणून त्यांना युद्धकैदी करता येत नसे. थोडे दिवस अडकवून सोडून देत, आणि ते पुन्हा नासाऊला जाऊन दुसरी बोट पकडत. कप्तानाला एका फेरीचे ५,००० डॉलर, पायलटला ३,५००, तेही सोन्यात. दक्षिणेच्या साध्या शिपायाला महिन्याला ११ डॉलर मिळत होते, तेही रोज किंमत घसरणाऱ्या कागदात. चार फेऱ्यांतल्या तीन तरी सुखरूप पार पडत. एकदा नदी ओलांडली की नगण्य भावात घेतलेला कापूस लिव्हरपूलला कैक पट भावाने विकला जायचा. दोन फेऱ्यांत बोटीची किंमत वसूल व्हायची.

मालकांपैकी बरेच ब्रिटिश. भुकेल्या सैन्यासाठी मांस आणि शिसं आणण्यापेक्षा रेशीम, ब्रँडी आणि अत्तर आणण्यात नफा जास्त, म्हणून बोटीतली जागा त्यांनाच जास्त मिळायची. शेवटी फेब्रुवारी १८६४ मध्ये कॉन्फेडरेट सरकारला चैनीच्या वस्तूंवर बंदी घालावी लागली आणि बोटीतली अर्धी जागा सरकारी मालासाठी सक्तीची करावी लागली. तीन वर्षं उशीर झाला होता.

नदीतून आणखी काय आत आलं

युद्धाआधी विल्मिंग्टन ओळखलं जायचं ते राळ, डांबर आणि टर्पेंटाइनसाठी. आसपासच्या उंच पाइन झाडांना खाचा पाडून चीक काढायचा, तो उकळायचा आणि जगभरच्या लाकडी जहाजांना पुरवायचा. धक्क्यावर पिंपांच्या राशी, हवेत राळेचा वास. युद्ध सुरू झाल्यावर त्याच धक्क्यावर कापसाचे वाफेवर चालणारे प्रेस धडधडू लागले. लिलावाला राज्याराज्यांतून सटोडिये आले, सोबत जुगारी आणि भुरटे. नासाऊहून आलेले कप्तान सोनं उधळत होते आणि गावातल्या नोकरदारांच्या बायका पिठासाठी दागिने विकत होत्या. ज्यांना दुसरीकडे घर होतं ती प्रतिष्ठित कुटुंबं घर भाड्याने देऊन आतल्या गावांत निघून गेली.

ऑगस्ट १८६२ मध्ये ‘केट’ नावाची बोट नासाऊहून आली. तिच्यावर पीतज्वराचे रोगी होते. आजार आधी धक्क्याच्या आसपास राहिला, मग सप्टेंबरात गावभर पसरला. ताप, कावीळ, काळी उलटी आणि मृत्यू. ज्यांना शक्य होतं ते पळाले, अर्ध्याहून जास्त गाव रिकामं झालं. दुकानं बंद, रेल्वे विस्कळित, वर्तमानपत्रं बंद. सेंट जेम्स चर्चचे धर्मगुरू ड्रेन लोकांची सेवा करता करता गेले, डॉक्टर डिक्सन गेले. चार्ल्सटनहून नर्स म्हणून काम करायला नन्स आल्या. हवा शुद्ध करायची म्हणून रस्त्यांवर डांबराची पिंपं जाळली जात. दुसरं काहीही मिळत नसलं तरी डांबर ह्या गावात मुबलक होतं. काळ्या धुरात गाडे फिरत होते आणि ओकडेल स्मशानात घाईने खड्डे भरले जात होते. दीड हजारांच्या आसपास लोक आजारी पडले आणि साडेसहाशेच्या वर दगावले.

धुराने काही होणार नव्हतं, कारण हा रोग डासामुळे होतो. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा तोच, एडिस इजिप्ती. बोटींवरच्या पाण्याच्या पिंपांत त्याची अंडी-अळ्या आरामात प्रवास करत. ते शास्त्राने सिद्ध केलं १९०० मध्ये. विल्मिंग्टनला वाचवलं ते नोव्हेंबरात पडलेल्या हिमाने, डास मेले आणि साथ थांबली. तोफा ज्या वाटेने आल्या त्याच वाटेने ताप आला. बंदर बंद ठेवलं तर सैन्य उपाशी, उघडं ठेवलं तर गाव आजारी, अशा कात्रीत ते सापडलं होतं. पुढच्या काळात बोटींना नदीच्या तोंडाशी क्वारंटाइनमध्ये थांबवण्यात येऊ लागलं.

आणि नदीतून बाहेर कोण गेलं

आतापर्यंत सांगितलेली गोष्ट थोड्याफार फरकाने सगळीकडे वाचायला मिळते. साहसी कप्तान, काळोखी रात्र, सोनं. ह्याच नदीवर तेवढ्याच काळोखात जी दुसरी नाकेबंदी फोडली जात होती ती मात्र कितीतरी वर्षं कुणी सांगितली नाही.

विल्यम बी. गुल्ड हे २४ वर्षांचे गिलावा करणारे कारागीर. गुलाम. मालक त्यांना गावात कामाला पाठवायचा आणि मजुरी स्वतः घ्यायचा. गावातल्या डॉक्टर बेलामी यांच्या भव्य पांढऱ्या हवेलीचं काम १८५९ ते १८६१ ह्या काळात चालू होतं. तिच्या छतावरची नक्षी, कोपऱ्यांच्या वेलपट्ट्या करणाऱ्या हातांत गुल्ड यांचेही हात होते. गुलाम असूनही ते लिहायला-वाचायला शिकलेले होते, आणि त्या राज्यात गुलामाला शिकवणं हा गुन्हा होता.

२१ सप्टेंबर १८६२ च्या रात्री, गाव तापाने अर्धमेलं झालेलं असताना, गुल्ड आणि आणखी सात जण ऑरेंज स्ट्रीटच्या टोकाशी एका होडीत बसले. पाऊस होता. रात्रभर वल्ही मारत ते नदीतून खाली गेले. वाटेत पहारे होते, किल्ल्यांच्या तोफा होत्या. पहाट व्हायच्या आत समुद्र गाठायचा होता. समुद्रात पोचल्यावर शीड उभारलं आणि सकाळी ‘केंब्रिज’ ह्या उत्तरेच्या पहारेकरी जहाजाने त्यांना वर घेतलं. त्या रात्री त्याच नदीतून तीन होड्यांमधून एकूण २२ माणसं सुटली. आणि तो दिवस, २२ सप्टेंबर, नेमका तोच ज्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीचा पहिला जाहीरनामा काढला. होडीतल्या माणसांना ते कळायला काही मार्गच नव्हता. ते स्वतःच्या हिमतीवर आधीच मोकळे झालेले होते.

ज्या जहाजांच्या पहाऱ्यातून कप्तान लोक जीव मुठीत धरून निसटायचे, ती जहाजं गुलामांच्या दृष्टीने मुक्कामाचं ठिकाण होतं. समुद्र तोच आणि दिवे तेच. एकाला ते दिसू नयेत असं वाटायचं, आणि दुसरा अंधारात त्यांनाच शोधत यायचा.

गुल्ड आरमारात भरती झाले आणि काही दिवसांतच रोजनिशी लिहू लागले, ती थेट १८६५ पर्यंत. अशा प्रकारे पळून आरमारात गेलेल्या गुलामांनी लिहिलेल्या आणि आज उपलब्ध असलेल्या रोजनिशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

पळणं दर वेळी इतकं सुरळीत नसे. बंदर सोडून जाणाऱ्या बोटींच्या तळघरात धूर सोडायची पद्धत होती. कुणी लपलेलं असेल तर खोकत, गुदमरत बाहेर यावं म्हणून. युद्धात हा धूर सैन्यातून पळालेले शिपाई आणि गुलाम दोघांसाठी असे, पण गुलामांसाठी तो आधीपासूनच होता. १८५७ मध्ये एब्राहम गॅलोवे हे गवंडीकाम करणारे तरुण गुलाम आणि त्यांचा मित्र टर्पेंटाइनच्या पिंपांमध्ये लपून विल्मिंग्टनहून फिलाडेल्फियाला पळाले. त्यांनी आधीच तेलकट रेशमी कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या होत्या. धूर सोडलाच तर त्या डोक्यावरून ओढून कमरेशी आवळायच्या. शेवटी धूर सोडला गेला नाही, पण टर्पेंटाइनच्या वाफेनेच ते रक्तबंबाळ व्हायची वेळ आली. ते पोचले. युद्ध सुरू झाल्यावर हेच गॅलोवे उत्तरेचे हेर म्हणून दक्षिणेत परतले, उत्तरेच्या ताब्यातल्या न्यू बर्न गावात काळ्या सैनिकांची भरती करताना समान वागणूक आणि कुटुंबांची सोय ह्या अटी घालून बसले, आणि एप्रिल १८६४ मध्ये मताधिकार मागायला थेट लिंकन यांना भेटले.

नदीच्या तोंडावरचा फोर्ट फिशरही लोकांना जबरदस्तीने राबवूनच उभा राहिला. सिंधुदुर्ग-जंजिऱ्यासारखा दगडी किल्ला डोळ्यांसमोर आणू नका. हा वाळूचा होता. वाळूचे प्रचंड ढिगारे, वर दलदलीतलं गवत लावलेलं, आतून लाकडी पोकळ्या. तोफगोळा आदळला की दगड फुटतो, वाळू नुसती त्याला गिळते. कर्नल विल्यम लँब यांनी १८६२ च्या जुलैपासून तो वाढवत नेला आणि त्याला दक्षिणेचं जिब्राल्टर म्हणू लागले. टोपल्या डोक्यावर घेऊन ती वाळू वाहिली ती शेकडो गुलामांनी, आणि रॉबसन परगण्यातून पकडून आणलेल्या लंबी जमातीच्या मूलनिवासी तरुणांनी. कित्येक लंबी तरुण ही वेठबिगार चुकवायला दलदलींत जाऊन लपले. त्यातून गोऱ्या होमगार्डांशी त्यांचं जे वैर पेटलं ते हेन्री बेरी लोरी यांच्या नेतृत्वाखाली युद्ध संपल्यावरही कितीतरी वर्षं धुमसत राहिलं.

वाळूचा किल्ला पडला

डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेने एक अजब प्रयोग केला. ‘लुईझियाना’ नावाच्या जुन्या बोटीत दोनशे टनांहून जास्त दारूगोळा भरून ती रात्री किल्ल्याजवळ नेऊन उडवली. तटाला ओरखडाही गेला नाही. नाताळच्या दिवशी उतरलेली फौज जनरल बटलर यांनी परत नेली.

तीन आठवड्यांत ते पुन्हा आले. ह्या वेळी अ‍ॅडमिरल पोर्टर यांची सुमारे ६० जहाजं आणि जनरल टेरी यांचे आठ-नऊ हजार सैनिक. किल्ल्यात दोन हजारांच्या आत-बाहेर माणसं. १३ जानेवारीपासून तोफा चालल्या, १५ तारखेला दुपारपासून रात्रीपर्यंत वाळूच्या एकेका ढिगाऱ्यासाठी हातघाईची लढाई झाली. लँब आणि जनरल व्हायटिंग दोघेही जखमी होऊन कैद झाले. मदतीला येऊ शकणारी दक्षिणेच्या जनरल ब्रॅग यांची फौज काही मैलांवर थांबून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यातलं दारूचं कोठार उडालं आणि तिथे झोपलेले किंवा फिरणारे दोन्ही बाजूंचे सुमारे दोनशे लोक गेले.

बोटींना आत यायची वाट दाखवणारे किनाऱ्यावरचे खुणेचे दिवे मात्र विझले नव्हते. उत्तरेच्या आरमारातल्या लेफ्टनंट कशिंग यांनी ते मुद्दाम पेटते ठेवले. किल्ला पडल्याची खबर नसलेल्या ‘स्टॅग’ आणि ‘शार्लोट’ ह्या बोटी नेहमीप्रमाणे दिव्यांचा माग काढत आत आल्या आणि अलगद सापडल्या.

२२ फेब्रुवारी १८६५ रोजी उत्तरेच्या फौजा विल्मिंग्टनमध्ये शिरल्या. पळता पळता कॉन्फेडरेट सैन्याने कापूस आणि टर्पेंटाइनला आग लावली होती, आकाश काळंभोर. आत येणाऱ्यांत काळ्या सैनिकांच्या पलटणी होत्या, आणि त्यांतली ३७ वी पलटण तर ह्याच राज्यातल्या सुटून गेलेल्या गुलामांतून उभी केलेली. दोनच दिवस आधी गावाबाहेर फोर्क्स रोडच्या चकमकीत हे लोक लढले होते. ज्या रस्त्याने त्यांना विकायला नेलं जाई त्या रस्त्याने ते निळ्या गणवेशात, खांद्यावर रायफल टाकून चालत आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते ते त्यांचेच लोक.

बेलामींची हवेली फौजेने ताब्यात घेतली. बेलामी यांना स्वतःच्या घरात परत यायला राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याकडून माफी मिळवावी लागली. गावाचे हाल संपले नव्हतेच. दक्षिणेच्या तुरुंगांतून सुटलेले उत्तरेचे हजारो कैदी, हाडांचे सापळे झालेले, इथे आणून सोडण्यात आले. पाठोपाठ उत्तरेच्या जनरल शर्मन यांच्या फौजेमागून चालत आलेली हजारो मुक्त माणसं. साथीच्या तापाने पुन्हा बळी घेतले, रोग्यांची सेवा करणाऱ्यांचेही.

बंदर पडल्यावर रिचमंडची रसद तुटली. ३ एप्रिलला रिचमंड पडलं, ९ तारखेला ली शरण गेले. आणि इकडे मुंबईत, जिथे कापसाचा भाव ह्या बातम्यांच्या हिंदकळ्यांवर वर-खाली होत होता, तिथे १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा देणारे नव्हते. पेढ्या बुडाल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं होती. १८७२ च्या शिरगणतीत ६,४४,४०५. खानदेश-वऱ्हाडात चढ्या भावाच्या भरवशावर ज्या शेतकऱ्यांनी कर्ज उचललं होतं, त्यांच्या डोक्यावर कर्ज राहिलं आणि भाव गेला. केप फिअरच्या तोंडाशी लागलेलं कुलूप उघडलं, त्याची किंमत जळगाव-अमरावतीकडच्या घरांनीही मोजली.

आज ते न्यू इनलेट नकाशावर शोधून सापडत नाही. वादळाने उघडलेलं ते मुख १८८१ पर्यंत दगडी बांध घालून माणसाने बुजवलं. फोर्ट फिशरचा समुद्राकडचा बराचसा भाग लाटांनी नेला. १९६२ मध्ये एका वादळाने समुद्रतळाची वाळू हलली आणि बरोबर शंभर वर्षांपूर्वी किल्ल्याजवळ रुतून बसलेली ‘मॉडर्न ग्रीस’ ही बोट उघडी पडली. तिच्यातून रायफली, सुऱ्या, कुदळी, कथलाच्या लाद्या असं पुष्कळ काही वर आलं आणि त्या राज्यात पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं काम तिथून सुरू झालं.

गॅलोवे १८६८ मध्ये राज्याच्या सिनेटवर निवडून आले आणि दोनच वर्षांनी, ३३ व्या वर्षी वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला विल्मिंग्टनमध्ये हजारो लोक होते.

गुल्ड मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅमला स्थायिक झाले आणि पुन्हा गिलाव्याच्या धंद्यात पडले, ह्या वेळी स्वतःचे मालक म्हणून. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या कामात त्यांच्या माणसांकडून मिश्रण चुकलं. वरून काही दिसत नव्हतं, पण त्यांनी सगळा गिलावा उतरवून स्वतःच्या खर्चाने परत केला आणि त्या पायी जवळजवळ कफल्लक झाले, असं तिथले लोक सांगतात. १९२३ मध्ये ते गेले. बेलामींच्या हवेलीची डागडुजी चालू असताना छताच्या नक्षीचा एक तुकडा खाली काढला गेला. त्याच्या मागच्या बाजूला, जिथे मालकाची नजर कधीच पोचणार नव्हती, ओल्या गिलाव्यात तीन अक्षरं कोरलेली होती: डब्ल्यू, बी, जी.